गेनूभाऊंचा उजवा कौल

सकाळी साडेसहाला दारात कुणी खोकलं की माझी बायको चुलीपुढूनच म्हणायची, "आला तुमचा विद्यार्थी." मी पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचो. त्याचा काही उपयोग नव्हता. गेनूभाऊ ओट्यावर बसून दार उघडेपर्यंत खोकत राहायचे. तो खोकला खास माझ्यासाठीच असायचा, कारण एरवी दिवसभरात मी त्यांना कधी खोकताना ऐकलं नाही.

बाहेर आलो की प्रश्न तयार. काल शेवगावची एसटी चुकली, ती देवानं चुकवली की सैतानानं? स्वप्नात पांढरा बैल आला आणि काही न बोलता निघून गेला, तो कुणी पाठवला? शेजाऱ्याशी बोलताना तोंडातून एकदम खरं निघून गेलं आणि शेजारी चिडला, तर ते खरं बोलायला कुणी लावलं? सुरुवातीला मी शास्त्राचा आधार काढून, दोन दोन दाखले देऊन उत्तर द्यायचो. पुढे पुढे नुसतं सांगायला लागलो की एसटी ड्रायव्हरनं चुकवली. त्यावर ते मनापासून मान हलवायचे. "तेबी बरोबरच हाय," म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला पुन्हा हजर.

ही गोष्ट सत्तर सालची. शेवगावपासून एसटीनं तासाभराच्या एका गावात मी मिशनच्या शाळेवर मास्तर होतो. रविवारची उपासनाही मीच चालवायचो, कारण आमचे धर्मगुरू पाळकसाहेब नगरला राहायचे आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा यायचे. मी तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. बाप्तिस्मा झाला तेव्हा मी पाळण्यात होतो. देवाकडचं काय आणि सैतानाकडचं काय, हा प्रश्न मला आयुष्यात कधी सकाळी साडेसहाला पडलेला नव्हता. आणि हा पंचेचाळिशीचा शेतकरी वर्षभरापूर्वी बाप्तिस्मा घेऊन माझ्या राशीला आला होता.

ते या वाटेला कसे लागले ते थोडक्यात सांगतो, कारण थोडक्यात सांगणं त्यांना स्वतःला कधी जमलं नाही. एका मारक्या बैलानं त्यांचा पाय मोडला. मिशनच्या दवाखान्यात ते तीन महिने पडून होते. तिथल्या एका म्हाताऱ्या नर्सबाईनं त्यांना रोज थोडं थोडं वाचून दाखवलं. घरी आले ते एक पाय किंचित ओढत, काखेत पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन आणि प्रभूचं नाव घेत. भावकीनं बोलणं टाकलं. त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही, कारण भावकी आधीही कामापुरतीच बोलायची.

पण त्यांच्या धंद्याबद्दल सांगितल्याशिवाय माझा वैताग कुणाला कळायचा नाही. गेनूभाऊ म्हणजे बैलांचे पारखी. आसपासच्या दहा गावांत कुणाला बैल घ्यायचा असला की तो आधी गेनूभाऊंना बाजारात घेऊन जायचा. मी एकदा बरोबर गेलो होतो. विकणारा बैलाचं कौतुक करत होता, आणि गेनूभाऊ त्याचं एक अक्षर ऐकत नव्हते. त्यांनी बैलाचे दात पाहिले. पोटाखाली हात घातला. खुरं उचलून पाहिली. मग दावं सोडायला लावलं आणि बैल पन्नास पावलं चालवला, वळवला, पुन्हा चालवला. शेवटी "उजवा मागचा पाय आखडतोय," एवढंच बोलून ते पुढच्या दावणीकडे गेले. विकणारा शपथा घेत राहिला, यांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

आणि हाच माणूस, कुणीही गळ्यात क्रूस घालून गावात आला की त्याच्यापुढे हात जोडून बसायचा. एक उपदेशक आला आणि चहा पाप आहे म्हणून गेला. गेनूभाऊंचा चहा बंद. दुसरा आला, शनिवारच खरा विसाव्याचा दिवस म्हणाला. ते शनिवार पाळायला लागले, आणि मी रागावेन म्हणून रविवारही पाळत राहिले. ऐन पेरणीत आठवड्याचे दोन दिवस औत बांधावर उभं. गावात हसं झालं, आणि उत्तर द्यायची वेळ माझ्यावर आली, कारण गेनूभाऊ सगळ्यांना सांगायचे, "मास्तरांना इचारा."

तिसरा कुणीतरी सांगून गेला की पोळा म्हणजे मूर्तिपूजा. त्या पोळ्याला गावातले सगळे बैल शिंगं रंगवून, झुली घालून वेशीतून निघाले, आणि गेनूभाऊंची जोडी गोठ्यात तशीच, शेणानं माखलेली. संध्याकाळी मी गेलो तर हा माणूस गव्हाणीपाशी बसून रडत होता. मला दया यायला हवी होती, पण मी चिडलोच. वर्षभर राबणाऱ्या जनावराला अंघोळ घालायला, पुरणाचा घास द्यायला कोणत्या देवाची हरकत असेल, असं मी त्यांना विचारलं. बैलाला देव मानू नका, पण बैल तरी माना. त्यांनी डोळे पुसले, त्याच अंधुक उजेडात बैल धुतले आणि दुसऱ्या दिवशी आख्ख्या गावाला सांगितलं की पोळ्याला परवानगी आहे, मास्तर म्हणत्यात.

"मास्तर म्हणत्यात" हे तिथून सुरू झालं, आणि ते मला चहाबंदीपेक्षा जड गेलं.

कौलाचा शोध मला त्याच सुमारास लागला. एका सकाळी खोकला ऐकून बाहेर आलो तर गेनूभाऊ डोळे मिटून बसलेले. मांडीवर शास्त्र होतं. त्यांनी ते मध्येच कुठंतरी उघडलं, बोट टेकवलं, डोळे उघडले आणि समाधानानं म्हणाले, "उजवा दिला."

मी वाकून पाहिलं. बोटाखाली कुणाचा मुलगा कोण आणि त्याचा मुलगा कोण, अशी नावांची लांबलचक रांग होती. यातून तुम्हाला काय कळलं, म्हणून विचारलं. ते माझ्याकडे असे पाहायला लागले की जणू मीच अडाणी. वाचायचं कशाला? उजव्या पानावर पडलं म्हणजे होय, डाव्या पानावर पडलं म्हणजे नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या गावदेवाला कौल लावायची पद्धत होती. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओले तांदूळ चिकटवायचे आणि वाट पाहायची. उजवीकडचा दाणा आधी पडला की काम होणार, डावीकडचा पडला की नाही. या माणसानं देव बदलला होता, कौल तसाच ठेवला होता. नर्सबाईनं तीन महिने वाचून दाखवून आणि पाळकसाहेबांनी डोक्यावर पाणी शिंपडून जे केलं होतं त्याखाली हे सगळं शाबूत होतं.

मी कपाळाला हात लावला. आवाज न चढवता म्हटलं, गेनूभाऊ, तुम्ही उजव्या हातानं बोट ठेवता, ते उजव्या पानावरच पडणार. त्यांचा चेहरा उतरला. हे त्यांच्या ध्यानात आलेलं नव्हतं. मला वाटलं, चला, एक खूळ गेलं. दुसऱ्या दिवशी ते डाव्या हातानं बोट ठेवून आले. कौल डावा आला होता, आणि पुढचा आठवडाभर ते कुणाशी धड बोलले नाहीत.

शेवटी मीच त्यांना गाठलं. बाजारात तुम्ही कौल लावता का, असं विचारलं. शपथा घेणाऱ्याचं ऐकत नाही, दात पाहता, चालवून पाहता. मग देवाच्या नावानं येणाऱ्याला का चालवून पाहत नाही? त्याचं घर कसं आहे, बायको-पोरांशी कसा बोलतो, सहा महिन्यांनी काय म्हणतो, हे का पाहत नाही? देवानं दिलेले डोळे फक्त बैलांसाठीच आहेत का?

त्यांनी फेट्याचं टोक चोळलं. मग म्हणाले, "बैल म्होरं उभा असतो, मास्तर. द्येव कुटं उभा असतो?"

मी आणखी चिडलो.

रोज सकाळी ते कौलाला काय विचारायचे ते मला माझ्या बायकोकडून कळलं. तिला ते हौसाबाईंनी सांगितलं होतं. हौसाबाई म्हणजे गेनूभाऊंची बायको. ठेंगणी, कमी बोलणारी, कामाला वाघ. नवऱ्यानं बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी तिनं भांडण केलं नाही, माहेरी गेली नाही. फक्त त्याची ताटली आणि तांब्या ओसरीवर वेगळा मांडला. भाकरी रोज गरम, कालवण रोज ताजं. वाढायची आणि आत निघून जायची. बावीस वर्षं ती नवरा जेवेपर्यंत समोर बसत आली होती. ते बसणं तिनं बंद केलं.

गेनूभाऊंनी स्वतः याबद्दल मला एकदाच सांगितलं, तेही दुसरीकडे पाहत. "भाकरी करती. वाडती. बसत न्हाई." त्यांचा कौल रोज तोच होता, ती या वाटेला येईल का, एवढाच. एसटी आणि पांढरा बैल हे सगळं त्याच्या आसपासचं होतं. हे कळल्यावर मी आठवडाभर त्यांच्याशी बरा वागलो. नंतर त्यांनी मला विचारलं की उपास केला तर कौल लवकर लागतो का, आणि माझं बरं वागणं संपलं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याच्या आधीही पाऊस नीट नव्हताच. विहिरींचे तळ दिसले. माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली, बैल छावणीत गेले. गेनूभाऊ आपली जोडी छावणीत सोडून आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कसलाच प्रश्न विचारला नाही.

त्या हिवाळ्यात नगरहून आमच्या शाळेत धान्याची पोती आली. परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, तिला सगळे मिलो म्हणायचे. भाकरी धड होत नसे, पण पोट भरायचं. वाटप सगळ्या गावाला करायचं असा नगरचा स्पष्ट निरोप होता. तो मी वाचला होता. आता इतक्या वर्षांनी खरं सांगायला हरकत नाही. तो निरोप मी मोठ्यानं वाचून दाखवला नाही.

पोती आल्यावर आठ दिवसांत माणसं माझ्याकडे यायला लागली. आमचंही नाव घाला, आम्हालाही बाप्तिस्मा घ्यायचाय. मी कुणालाही म्हणालो नाही की नाव घातलं तरच मिलो मिळेल. पण तसं नाही, हेही म्हणालो नाही. पाच वर्षं त्या गावात राहून मला एक गेनूभाऊ मिळाले होते, आणि आता वहीच्या पानावर एकोणीस नावं होती. पाळकसाहेबांना पत्र टाकलं. पुढच्या महिन्यात येतो म्हणून त्यांचं उत्तर आलं, आणि त्यात त्यांनी माझं कौतुक केलं होतं. ते पत्र मी दोनदा वाचलं.

विसावं नाव हौसाबाईंचं. ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन माझ्या बायकोला म्हणाली, माझंबी नाव घाला. मी धावतच गेनूभाऊंकडे गेलो. वाटलं, हा माणूस आता नाचेल. निदान फेटा तरी उडवील. ते कोरड्या विहिरीच्या काठावर बसले होते. मी सांगितलं.

"अजून काय म्हन्ली?" त्यांनी विचारलं.

"अजून काय म्हणणार? मिलो कधी वाटणार, ते विचारलं."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आनंदानं माणूस गप्प होतो तसं झालं असेल. मी घरी येऊन चहा घेतला.

त्या रविवारी उपासनेनंतर सगळे वीस जण चर्चसमोरच्या लिंबाखाली बसले. बाप्तिस्म्याची तयारी म्हणून मी बोलणार होतो. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला. हौसाबाई बायांच्या मागच्या रांगेत होती. गेनूभाऊ नेहमीप्रमाणे फेटा काढून मांडीवर घेऊन बसले होते. मी बोलायला उभा राहिलो, तोच ते उठले.

"मास्तर, एक इचारायचंय."

मला वाटलं, पांढरा बैल पुन्हा आला. म्हटलं, नंतर विचारा. ते बसले नाहीत.

"मिलो नाव घातलं तरच मिळंल, का न घालताबी?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. खोटं बोलणं शक्य नव्हतं, कारण समोर तो माणूस उभा होता जो दात पाहायचा.

"न घालताही मिळेल," मी म्हटलं. "सगळ्या गावाला सारखाच."

"मोट्यानं सांगा, मास्तर. मागं ऐकू जात न्हाई."

मी मोठ्यानं सांगितलं.

मग पुरुषांतले दोघं उठले, धोतर झटकत, काहीतरी काम आठवल्यासारखे. मग चौघं. मग बाया उठायला लागल्या. कुणी रागावलं नव्हतं. उलट चेहरे मोकळे झाल्यासारखे दिसत होते, आणि तेच मला सहन होईना. हौसाबाई उठली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि घराच्या वाटेला लागली. गेनूभाऊ ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभे होते. वहीतल्या वीस नावांपैकी लिंबाखाली तिघं उरले.

सगळे गेल्यावर मी त्यांना काय काय बोललो ते लिहायला मला लाज वाटते. अडीच वर्षं रोज सकाळी माझी झोप मोडलीत ती कशासाठी, असं मी विचारलं. ज्याच्यासाठी उपास केलेत ते दारात आलं, आणि तुम्ही हातानं हाकललंत. आज तरी कोणता कौल लागला होता, डावा की उजवा?

"कौल लावला न्हाई," ते म्हणाले.

"मग?"

"तिच्या तोंडाकडं बगितलं."

माझा राग गेला नाही. ते फेटा बांधायला लागले. बांधता बांधता म्हणाले, "तिला भूक लागली हुती, मास्तर. भुकेल्या मान्साकडून व्हय म्हनवून घ्यायला काय लागतंय? त्यो तिचा व्हय नव्हता. म्या काय करू त्यो घिऊन?" मग ते वळून लंगडत निघून गेले.

पाळकसाहेब आले. त्यांनी तिघांना बाप्तिस्मा दिला, आणि बाकीचे सोळा-सतरा कुठं गेले ते मला विचारलं. मी गेनूभाऊंचं नाव पुढे केलं. मग मिलोचं वाटप पाळकसाहेबांनी स्वतः उभं राहून केलं, वेशीपासून सुरुवात करून. हौसाबाई आपल्या वाट्याचा मिलो पदरात घेऊन घरी गेली. त्यानंतर सकाळी साडेसहाला खोकला येईनासा झाला. गेनूभाऊ रविवारी यायचे, कोपऱ्यात बसायचे, मान हलवून जायचे. प्रश्न विचारत नव्हते. मला शांत झोप मिळायला लागली, आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की मी साडेसहाला आपोआप जागा होतो आणि अंथरुणात पडून ऐकत राहतो. याचाही मला राग आला.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस बरा झाला. बाजरी आली. छावणीतून गेनूभाऊंची जोडी परत आली, एक बैल खंगलेला, पण चालता. दिवाळीनंतर माझी बदली श्रीगोंद्याकडच्या शाळेत झाली.

माझ्या शेवटच्या रविवारी उपासना संपवून मी बाहेर आलो, तर चर्चच्या पायरीवर, चपलांच्या शेजारी, हौसाबाई बसली होती. मला पाहून उठली आणि बाजूला झाली. माझ्या बायकोनं नंतर सांगितलं की ती सुगी झाल्यापासून दर रविवारी येते. नवऱ्याबरोबर दारापर्यंत येते, उपासना होईपर्यंत पायरीवर बसते, आणि त्याच्याबरोबर परत जाते. मी आत उभा राहून बोलत असायचो, मला पायरी दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी गेनूभाऊ आमची ट्रंक डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत आले. हौसाबाई मागून माझ्या बायकोशी बोलत येत होती. एसटी यायची होती. मी विषय काढला. म्हटलं, वहिनी येतात म्हणे.

"येती," ते म्हणाले. "घरात बाजरी हाय आता. तरी येती."

"मग आत का येत नाहीत?"

"म्या इचारलं न्हाई."

माझं डोकं पुन्हा तापलं. निघायच्या घटकेला मी त्यांच्यावर जवळजवळ ओरडलोच. दोन महिने बाई दारात बसते आहे, आणि तुम्ही साधं विचारत नाही? एक शब्द टाकायला काय हरकत आहे?

त्यांनी ट्रंक खाली ठेवली, मागं वळून ती ऐकत नाही ना ते पाहिलं, आणि मला एखाद्या पोराला समजावतात तसं हळू सांगितलं, "इचारलं तर ती व्हय म्हनंल, मास्तर. माज्यासाटी म्हनंल. मंग मला कसं कळंल?"

एसटी आली. मी चढलो. मागच्या काचेतून पाहिलं तर ते दोघं गावाकडं वळले होते. ती पुढं, आणि ते पाय ओढत तिच्या मागं. तिनं वेग कमी केला, तसे तेही थांबत थांबत चालले, आपण मागं लागलोय असं तिला वाटू नये अशा बेतानं.